‘शरीरातलंच आहे’ म्हणून टोचून घ्यायचं का? थायमोसिन बीटा-४, टीबी-५०० आणि पैलवानाची फाटलेली मांडी

तुमचा प्रश्न थोडक्यात पुन्हा मांडतो, म्हणजे पुढचं उत्तर बाकीच्यांनाही लागेल. भाचा २१ वर्षांचा, कडोलीकडचा, लहानपणापासून तालमीत. तीन आठवड्यांपूर्वी जत्रेच्या मैदानात समोरच्यानं पाय उचलला, ह्यानं गुडघा ताठ ठेवून सुटायला हिसका दिला आणि मांडीच्या मागं ‘टक्’ आवाज झाला. एमआरआयमध्ये हॅमस्ट्रिंगची, म्हणजे मांडीच्या मागच्या स्नायूची, दुसऱ्या श्रेणीची (अर्धवट) फाट. आता लंगडत नाही, पण वाकलं की मागून ओढतं. दोन महिन्यांनी निवड चाचणी आहे. जिममधल्या एका ट्रेनरनं टीबी-५०० च्या व्हायल, म्हणजे थायमोसिन बीटा-४ च्या नावावर विकल्या जाणाऱ्या इंजेक्शनच्या बाटल्या, आणून देतो म्हणून सांगितलंय. त्याचं म्हणणं, ‘हे शरीरात असतंच, नैसर्गिक आहे, रेसच्या घोड्यांनाही देतात, साइड इफेक्ट काही नाही.’ वर तो असंही म्हणाला की तुमच्या बहिणीच्या, म्हणजे मुलाच्या आईच्या, पायाची मधुमेहाची जखम त्यानंच भरून येईल.

दोघांनाही देऊ नका. उत्तर एवढंच आहे, पण एवढ्यावर तुमचं समाधान होणार नाही आणि भाच्याचं तर मुळीच होणार नाही. बेळगावात दवाखान्यात बसून हाच प्रश्न मला आता वारंवार ऐकू येतो. ‘डॉक्टर, एकदा टोचून तर बघूया की, आपल्याच शरीरातलं आहे न्हवं!’ ट्रेनरचं अर्धं बोलणं खरं आहे, म्हणूनच ते पटतं. तेव्हा त्या खऱ्या अर्ध्यापासूनच सुरुवात करतो.

छातीच्या हाडामागं थायमस नावाची ग्रंथी असते. १९६० च्या दशकात अमेरिकेत ॲलन गोल्डस्टीन आणि अब्राहम व्हाइट यांनी वासरांच्या थायमसमधून अर्क काढला आणि त्यातल्या द्रव्याला थायमोसिन हे नाव दिलं. पुढं त्या अर्कातून एकेक पेप्टाइड, म्हणजे प्रथिनाचेच घटक असलेल्या अमिनो आम्लांची छोटी साखळी, वेगळं करत गेले. त्यातल्या थायमोसिन बीटा-४ ची रचना १९८१ मध्ये उलगडली. ४३ अमिनो आम्लांची एक छोटी साखळी. ती फक्त थायमसमध्ये नसते, हे नंतर कळलं. लाल रक्तपेशी सोडल्या तर शरीरातल्या जवळजवळ सगळ्या पेशींत ती असते, आणि प्लेटलेटमध्ये (रक्त गोठवणाऱ्या कणांत) व पांढऱ्या पेशींत तर भरपूर.

ही साखळी तिथं करते काय? पेशीचा सांगाडा ॲक्टिन नावाच्या प्रथिनाच्या तंतूंचा असतो. पेशीला हलायचं असेल, जखमेकडं सरकायचं असेल, तर हे तंतू एका बाजूनं वाढवावे लागतात आणि दुसऱ्या बाजूनं मोडावे लागतात. गवंडी सगळ्या विटा एकदम भिंतीवर नेत नाही, लागतील तेवढ्या वर घेतो आणि बाकीचा ढीग खाली राखून ठेवतो. ॲक्टिनचा हा राखीव ढीग सांभाळायचं काम थायमोसिन बीटा-४ करतं. एका सुट्या ॲक्टिनला एक रेणू धरून राहतो आणि गरज पडली की सोडतो. म्हणजे ह्याचं मूळ काम पेशीच्या आत आहे. बाहेरून टोचायच्या गोष्टीबद्दल बोलताना हे ध्यानात राहू द्या.

जखम झाली की मात्र ते बाहेर येतं. प्लेटलेट फुटतात, त्यातलं थायमोसिन बीटा-४ रक्ताच्या गाठीत सांडतं, आणि गाठ पक्की करणारा घटक, म्हणजे फॅक्टर तेरा, त्याला फायब्रिनच्या जाळीला जोडून टाकतो. म्हणजे ते जखमेच्या जागीच अडकून राहतं. तिथं दाह थोडा आवरतो, नव्या रक्तवाहिन्या फुटायला मदत होते आणि दुरुस्ती करणाऱ्या पेशी जाळीतून आत सरकतात. तुमच्या भाच्याच्या मांडीत मैदानाच्या त्याच रात्री हे सगळं सुरू झालं, कुणी काही न टोचता. मांडी काळीनिळी पडली होती असं तुम्ही लिहिलंय. ते साकळलेलं रक्त म्हणजे नुसती घाण नव्हती, पहिल्या दुरुस्तीचं सामान त्याच्यातच होतं.

आता तीन आठवडे झालेत. गाठ विरली, पेशी येऊन बसल्या, कोवळा व्रण तयार झाला. इथून पुढचा प्रश्न वेगळा आहे. हा व्रण कोणत्या दिशेनं घट्ट होणार, आणि शेजारचे स्नायूतंतू ताण घ्यायला पुन्हा शिकणार का? ह्याचं उत्तर बव्हंशी स्नायूवर किती आणि कसा ताण येतो त्यावर ठरतं. पहिल्या तीन-चार दिवसांचं रसायन ह्या टप्प्यावर दंडात किंवा पोटाच्या कातडीखाली टोचायचं आणि ते रक्तातून फिरत नेमकं मांडीच्या त्या चार सेंटिमीटरमध्ये जाऊन कामाला लागेल असं धरून चालायचं, हे मला तर्कालाच पटत नाही.

तर्क बाजूला ठेवू, पुरावा बघू. १९९९ मध्ये उंदरांच्या कातडीच्या जखमांवर थायमोसिन बीटा-४ वापरलं तेव्हा चौथ्या दिवशी नवी त्वचा ४२ टक्क्यांनी जास्त आणि सातव्या दिवशी ६१ टक्क्यांपर्यंत जास्त चढली. हे काम चांगलं आहे, मी त्याला हसणार नाही. उंदरांच्याच गुडघ्याच्या आतल्या बाजूचा लिगामेंट (हाडं एकमेकांना बांधणारा पट्टा) कापून त्या जागी हे पेप्टाइड फायब्रिनच्या लेपातून ठेवलं, तेव्हा लिगामेंट जास्त नीट जुळला. पण स्नायूकडं आलं की चित्र बदलतं. स्नायूंचा आनुवंशिक आजार असलेल्या उंदरांना ते कित्येक महिने दिलं. सूक्ष्मदर्शकाखाली नवे तंतू जास्त दिसले, ताकद मात्र वाढली नाही. पैलवानाला सूक्ष्मदर्शकाखालचा तंतू काय कामाचा, त्याला पट काढता आला पाहिजे.

माणसांवर काय झालंय? पायाच्या शिरांच्या जुन्या व्रणांवर इटली आणि पोलंडमध्ये जेल लावून चाचणी झाली. तीन वेगवेगळ्या तीव्रतेचं जेल होतं. थोडा फायद्याचा कल दिसला तो मधल्या तीव्रतेला, सगळ्यात तीव्र जेलला नाही. ‘जास्त घातलं की लवकर बरं’ हा जिमचा हिशेब इथंच कोसळतो. डोळ्यांच्या थेंबांच्या मोठ्या चाचण्या झाल्या, त्यांत ठरवलेलं मुख्य उद्दिष्ट गाठता आलं नाही. निरोगी माणसांना शिरेतून देऊन सुरक्षितता तपासली, त्याचे निष्कर्ष २०१० मध्ये आले. ४२ मिलिग्रॅमपासून १२६० मिलिग्रॅमपर्यंत डोस होते, रोज दिले तेही १४ दिवसच, आणि त्यांना ते सोसलं. ‘साइड इफेक्ट काही नाही’ हे वाक्य बहुतेक इथून उचललेलं असतं. पण ते औषध कंपनीच्या दर्जाचं, पूर्ण ४३ अमिनो आम्लांचं पेप्टाइड होतं, दवाखान्यात देखरेखीखाली दिलेलं होतं, आणि रक्तातून ते एक-दोन तासांत निम्मं होत होतं. मांडीचा स्नायू फाटलेल्या खेळाडूंवर अशी चाचणी नाही, आणि ह्या कामासाठी भारतात त्याला मंजुरी नाही.

आणि तुम्हाला जे मिळणार आहे ते हे पेप्टाइड नसेलच, बहुधा. २०१२ मध्ये बेल्जियमच्या संशोधकांनी टीबी-५०० म्हणून विकली जाणारी पावडर तपासली. त्यात ४३ ची साखळी नव्हती. त्या साखळीतला १७ ते २३ क्रमांकाचा, फक्त ७ अमिनो आम्लांचा तुकडा होता. ॲक्टिनला धरणारा भाग तोच आहे, आणि म्हाताऱ्या व मधुमेही उंदरांच्या जखमांवर त्यानं थोडं काम केल्याचेही प्रयोग आहेत, हे नाकारत नाही. पण सात म्हणजे त्रेचाळीस नव्हे. सगळ्या साखळीवर झालेलं संशोधन दाखवायचं आणि तुकडा विकायचा, हा ह्या धंद्याचा पाया आहे. त्या तुकड्याची माणसाच्या फाटलेल्या स्नायूवर चाचणी तर त्याहून नाही. ट्रेनरच्या चिठ्ठीवर आठवड्याला किती टोचायचं ते लिहिलंय, त्यामागं कुठलाही अभ्यास नाही. एका शरीरसौष्ठववाल्यानं दुसऱ्याला सांगितलेला तो आकडा आहे.

व्हायलवर बारीक अक्षरात काय लिहिलेलं असतं ते भाच्याला वाचून दाखवायला सांगा. बहुतेक वेळा ‘फक्त संशोधनासाठी, माणसांना वापरण्यासाठी नाही’ असा मजकूर असतो. ही ओळ कायद्यातून सुटण्यासाठी छापलेली असते, आणि ती छापली की आत काय आहे ह्याची जबाबदारी कुणाचीच राहत नाही. आत किती पेप्टाइड आहे, किती तुटकं आहे, जंतूंचे अंश आहेत का, हे कळायला मार्ग नाही. एप्रिलच्या उन्हात पार्सल कुठल्या गोदामात किती दिवस पडून होतं तेही नाही. पावडरीत पाणी घालून तीच व्हायल तिघा-चौघांनी वापरायची पद्धत जिममध्ये सर्रास आहे. सुई वेगळी घेतली तरी व्हायल एकच, म्हणजे कावीळ-बी आणि एचआयव्हीची वाट उघडी. मांडीत पू झालेला मुलगा मग माझ्याकडं येतो, आणि त्याचे महिने फाटीत नाही तर त्या पुवात जातात.

कॅन्सरचं काय, हे तुम्ही विचारलं नाहीत, पण विचारायला हवं. नव्या रक्तवाहिन्या फुटणं आणि पेशींनी जागा सोडून सरकणं, हे जखमेला हवं असतं तसंच गाठीलाही हवं असतं. मोठ्या आतड्याच्या कॅन्सरसह बऱ्याच गाठींत थायमोसिन बीटा-४ जास्त सापडतं. टोचल्यानं कॅन्सर होतो असं सिद्ध झालेलं नाही. पण २१ वर्षांच्या पोरात वर्षानुवर्षांचा परिणाम कुणी पाहिलेलाच नसताना ‘काही होत नाही’ म्हणायला मी तयार नाही.

आता खेळाचा नियम. इथं तर शंकेला जागाच नाही. जागतिक उत्तेजकविरोधी संस्थेच्या, म्हणजे वाडाच्या बंदी-यादीत थायमोसिन बीटा-४ आणि त्याची रूपं, टीबी-५०० चं नाव घेऊन, वाढीच्या घटकांच्या गटात आहेत. बंदी फक्त स्पर्धेपुरती नाही, बारा महिने आहे. ‘दुखापत होती म्हणून घेतलं’ हे कारण चालत नाही, आणि मंजूर औषधच नसल्यामुळं वैद्यकीय सवलतीचा अर्जही टिकणार नाही. शरीरात सापडलं की जबाबदार खेळाडू. मुद्दाम घेतलं नाही हे त्यालाच सिद्ध करावं लागतं, नाहीतर चार वर्षं बाहेर. टोचणाऱ्यावर, आणून देणाऱ्यावर वेगळी कारवाई होते. हे तुमच्या ट्रेनरला शांतपणे सांगून बघा, त्याचा उत्साह किती टिकतो ते कळेल.

ऑस्ट्रेलियात एसेंडन नावाचा मोठा फुटबॉल क्लब आहे. २०१२ च्या हंगामात तिथं खेळाडूंना इंजेक्शनांचा कार्यक्रम चालवला गेला. क्रीडा लवादानं जानेवारी २०१६ मध्ये ३४ आजी-माजी खेळाडूंना थायमोसिन बीटा-४ वापरल्याबद्दल दोषी धरून दोन वर्षांची बंदी घातली. आपल्याला जे दिलं ते नियमात बसतं असं सांगितलं होतं, असं खेळाडूंचं म्हणणं होतं. ते चाललं नाही.

भाचा म्हणेल, मैदानात कोण तपासतंय? जत्रेच्या निकाली कुस्तीत नाही तपासत, खरं आहे. येळ्ळूरच्या चांगळेश्वरी यात्रेतल्या मैदानात जोड ठरवताना कुणी लघवीची बाटली मागत नाही. पण त्याला निवड चाचणीला जायचंय. तिथून पुढं नाडाचे, म्हणजे आपल्या देशाच्या उत्तेजकविरोधी संस्थेचे, लोक सरावाच्या काळातही नमुना घेऊ शकतात, आणि टीबी-५०० शोधायच्या पद्धती प्रयोगशाळांकडं २०१२ पासून आहेत. आमच्याकडं आणखी एक भ्रम ऐकतो. कर्नाटकाकडून अडचण आली तर कोल्हापूरच्या तालमीत राहून पलीकडून खेळू. राज्यांची हद्द इथं उपयोगाची नाही. बंदी लागली की ती दोन्ही राज्यांत लागते, आणि देशाबाहेरही.

ह्याच ओघात दोन शब्द बीपीसी-१५७ बद्दल, कारण टीबी-५०० नको म्हटलं की तेच पुढं करतात. १५ अमिनो आम्लांची साखळी, जठररसातल्या प्रथिनातून आली असं सांगतात, बहुतेक काम झाग्रेबच्या एकाच गटाचं आणि उंदरांवरचं. २०२२ पासून वाडाची बंदी. विषय संपला.

तुम्ही प्लाझ्माच्या इंजेक्शनबद्दलही विचारलंय, म्हणजे पीआरपी. हा प्रश्न मला आवडला, कारण ‘शरीरातलंच आहे’ ह्या युक्तिवादाची खरी परीक्षा तिथं झालेली आहे. पीआरपीमध्ये पेशंटचंच रक्त फिरवून त्यातल्या प्लेटलेट दाट करतात आणि दुखापतीच्या जागी टोचतात. प्लेटलेटमध्ये थायमोसिन बीटा-४ ठासून असतं हे वर आलंच, शिवाय इतर वाढीचे घटकही. म्हणजे नैसर्गिक, स्वतःचं, ताजं आणि नेमक्या जागी. वाडानं २०११ मध्ये पीआरपीवरची बंदीही उठवली. नेदरलँड्समध्ये हॅमस्ट्रिंग फाटलेल्या ८० खेळाडूंवर चाचणी झाली, निष्कर्ष २०१४ चे. निम्म्यांना दुखापतीच्या पहिल्या पाच दिवसांत पीआरपी, पुढच्या आठवड्यात पुन्हा एकदा. निम्म्यांना नुसतं सलाइन. कुणाला काय दिलं ते खेळाडूंनाही माहीत नव्हतं. खेळात परतायला लागलेल्या दिवसांचा मध्यक ४२ होता. पीआरपीवाल्यांना ४२ आणि सलाइनवाल्यांनाही ४२. पुन्हा दुखावण्याचं प्रमाणही जवळजवळ सारखंच.

योग्य वेळी, योग्य जागी, आपलंच सामान घालून एक दिवसाचाही फरक पडला नाही. मग तीन आठवडे उशिरा, भलत्या जागी, अनोळखी व्हायलमधला सात अमिनो आम्लांचा तुकडा काय करणार?

ह्याच्या शेजारी दुसरा आकडा ठेवा. स्वीडनमध्ये ७५ नामांकित फुटबॉलपटूंना हॅमस्ट्रिंगच्या दुखापतीनंतर दोन वेगवेगळे व्यायामक्रम दिले. एका गटाला स्नायू लांबवत लांबवत ताण देणारे, दुसऱ्याला नेहमीचे. पहिला गट सरासरी २८ दिवसांत पूर्ण सरावाला परतला, दुसरा ५१ दिवसांत. तेवीस दिवसांचा फरक, इंजेक्शनाविना, फक्त व्यायाम कोणता निवडला त्यावर. फुटबॉल आणि कुस्ती वेगळी, एमआरआयमध्ये खरी फाट दिसली की वेळ जास्त लागतो, हे धरूनसुद्धा इतका फरक मी कुठल्याही औषधात पाहिलेला नाही.

म्हणून भाच्याचं पुढचं सगळं ह्या दिशेनं न्या. आधी एमआरआयच्या अहवालात एक गोष्ट बघा. फाट स्नायूच्या मधल्या मांसल भागात आहे की वर बैठकीच्या हाडाशी, जिथं कंडरा (स्नायूला हाडाशी जोडणारी दोरी) चिकटतो तिथं? कंडराच हाडापासून सुटला असेल, बसताना नेमकं त्या हाडावर दुखत असेल, तर शस्त्रक्रियेचा विचार करावा लागतो आणि तो लवकर करावा लागतो. तुम्ही पाठवलेल्या फोटोत शब्द अर्धे कापले गेलेत, त्यामुळं ते मला कळलं नाही.

मधल्या भागात असेल तर मालिश बंद. मला माहीत आहे, तालमीत हे कुणाला रुचत नाही. पण कोवळ्या व्रणावर दोन जणांनी अंगठे घालून तेल मुरवलं की आत पुन्हा रक्त साकळतं, आणि कधीकधी त्या रक्तात चक्क हाड तयार होतं. मग ती गाठ कित्येक महिने जात नाही. हलका हात फिरवायला हरकत नाही. लेप लावायचा असेल तर लावा, त्यानं कातडी गरम होण्यापलीकडं काही होत नाही, पण लेपासोबत करकचून पट्टी बांधून पाय आठवडाभर आखडून ठेवू नका.

व्यायाम पाठीवर झोपून टाच जमिनीत दाबण्यापासून सुरू करायचा, मग कंबर उचलायची, आधी दोन पायांवर, मग एका. दुखणं दहापैकी दोन-तीनच्या वर जाऊ द्यायचं नाही. त्यानंतर स्वीडनचे ते तीन व्यायाम. झोपून मांडी दोन्ही हातांनी छातीकडं धरायची आणि गुडघा सावकाश सरळ करायचा. एका पायावर उभं राहून पुढं झुकायचं, हात पुढं, दुसरा पाय मागं. आणि एक पाय पुढं रोवून दुसरा पाय मागं घसरवत न्यायचा. शेवटचा व्यायाम आखाड्याच्या मातीपेक्षा फरशीवर मोजा घालून चांगला होतो. हे एखाद्या फिजिओथेरपिस्टसमोर एकदा नीट शिकून घ्या, बेळगावात चांगले आहेत, त्यासाठी मिरज-कोल्हापूरला जायची गरज नाही.

तालमीच्या मेहनतीत एक उणीव आहे, ती वस्तादांसमोरही बोलतो. जोर आणि बैठका हजारांनी मारल्या तरी मांडीचा मागचा स्नायू ताणाखाली लांबवायची मेहनत त्यात फार थोडी होते. पुढची मांडी खांबासारखी आणि मागची तिच्या मानानं कच्ची, असे पैलवान मी कितीतरी बघतो. नॉर्डिक नावाचा व्यायाम आहे. गुडघ्यांवर उभं राहायचं, जोडीदारानं घोटे धरायचे, आणि पाठ सरळ ठेवून शक्य तितक्या सावकाश पुढं पडायचं. पैसा लागत नाही, यंत्र लागत नाही, मातीत करता येतो. फुटबॉल आणि इतर खेळांतल्या अभ्यासांत त्यानं हॅमस्ट्रिंगच्या दुखापती जवळपास निम्म्यावर आल्या. भाच्यानं तो आत्ता नाही, दुखणं पूर्ण थांबल्यावर सुरू करायचा. बाकीच्या पोरांनी उद्यापासून.

खाण्याबद्दल. वजनाच्या किलोमागं १.६ ग्रॅम प्रोटीन. तो ७४ किलोच्या गटात असेल तर दिवसाला साधारण १२० ग्रॅम. एक लिटर दुधात ३० च्या आसपास, एका अंड्यात सहा. मटण, डाळ, शेंगदाणे धरले की घरात जमतं. थंडाईचा तांब्या म्हणजे खुराक नव्हे, त्यात साखर जास्त. आणि ह्या दोन महिन्यांत वजन उतरवायला उपास आणि पाणी तोडणं बंद, निवड चाचणीच्या आठवड्यातही जपून. भुकेला ठेवलेला स्नायू जुळत नाही.

परतायचं कधी? तारखेवर नाही. पाठीवर झोपून सरळ पाय उचलला तर दोन्ही बाजू सारख्या वर येतात का, दाबून दुखत नाही का, दुखऱ्या पायाची ताकद दुसऱ्याच्या नव्वद टक्के तरी आहे का, पूर्ण जोरात धावून अचानक थांबता येतं का. हे झाल्यावर आधी हलकी लढत, मग कोणीतरी मुद्दाम तोच पाय उचलून ताणायचा आणि ह्यानं घाबरल्याविना सुटायचं. बरेच जण इथं अडतात, स्नायू बरा होतो पण मन त्या झटक्याला बिचकतं. निवड चाचणीपर्यंत दोन महिने आहेत, मधल्या भागातली फाट असेल तर जमण्यासारखं आहे. मधल्या काळात कुठल्या तरी जत्रेतून बक्षिसाची जोड येईल आणि नाही म्हणणं जड जाईल. तेव्हा नाही म्हणायचं काम मामा म्हणून तुमचं.

आता तुमच्या बहिणीचं. भाच्यापेक्षा मला त्यांची काळजी जास्त आहे. मधुमेहाची पायाची जखम भरत नाही ती पेप्टाइड कमी पडलं म्हणून नव्हे. पायाला संवेदना नसते, त्या रोज त्याच जखमेवर उभ्या राहतात, खाली रक्त कमी पोचतं आणि साखर चढलेली असते. ह्या चारांचा बंदोबस्त होईपर्यंत वरून काहीही लावा, वाहून जाईल. पायातला रक्तप्रवाह तपासून घ्या, मेलेली कातडी सर्जनकडून काढून घ्या, जखमेवरचा भार पूर्ण काढणारं प्लास्टर किंवा खास चप्पल करून घ्या. शेतातलं काम आणि हवाई चप्पल, दोन्ही बंद. एवढं करून चार आठवड्यांत जखम निम्म्यावर आली नाही तर पुढचा विचार. त्या वेळी वाढीच्या घटकांची मंजूर जेल आहेत, भारतात मिळतात, डॉक्टरांच्या चिठ्ठीवर. त्यातल्याच पीडीजीएफ नावाच्या घटकाचं जेल अमेरिकेत १९९७ पासून ह्याच जखमांसाठी मान्य आहे. पेप्टाइड-प्रथिनांवर माझा राग नाही, हे ह्यावरून ध्यानात येईल. इन्सुलिनही पेप्टाइडच आहे आणि तुमच्या बहिणीला आत्ता कदाचित त्याचीच सगळ्यात जास्त गरज असेल. पाय काळा पडला, वास यायला लागला किंवा ताप आला, तर उद्याची वाट बघू नका, त्याच रात्री मोठ्या हॉस्पिटलात न्या.

व्हायल आधीच आणून फ्रिजमध्ये ठेवली असेल तर ती परत ट्रेनरला देऊ नका, तो दुसऱ्या पोराला देईल. न उघडता घेऊन या, इथं टाकायची सोय आहे. भाच्याला आणताना एमआरआयची सीडी आणा, नुसता अहवालाचा कागद नको. आणि बहिणीला त्याच दिवशी सोबत आणा, गेल्या तीन महिन्यांच्या साखरेच्या रिपोर्टसकट.